मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये शाळेकडून मुलासाठी एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट कसा मागायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये मुलं सरकारी शाळेत असणाऱ्यांना हा प्रश्न आहे. त्यातही ज्यांची शाळेच्या सेन्कोशी (विशेष गरजा असलेल्या मुलांचं काम पाहणाऱ्या शिक्षिकेशी) गाठ पडलेली आहे त्यांनी जरूर लिहा.

मुलगा सात वर्षांचा, इयर थ्रीमध्ये. साडेतीन वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून इकडे मिडलंड्सला आलो, रिसेप्शनपासून, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गापासून, याच शाळेत आहे. वाचनात मागे आहेच, पण मला जास्त काळजी वेगळी आहे. बाईंनी वर्गात सांगितलं, "वही काढा, तारीख लिहा आणि मग कार्पेटवर येऊन बसा," की हा थेट कार्पेटवर. वही दप्तरातच. बाईंना वाटतं लक्ष नाही. पेरेंट्स ईव्हनिंगला दर वेळी एकच उत्तर: घरी इंग्रजी नाही, 'ईएएल' (इंग्रजी ही घरची भाषा नसलेला) मुलगा आहे, वेळ द्या, येईल हळूहळू.

घरी आम्ही फक्त मराठी बोलतो आणि अडचण मराठीतही आहे, हे त्यांना कसं पटवू? किसणी रोज डोळ्यांसमोर असते, तरी "ते गाजर खरखर करतात ते" असंच म्हणतो. काल आणि उद्या यांचा घोळ अजून आहे. गोष्ट सांगायला लागला की राक्षस आधी मरतो, राजा नंतर येतो. पुण्यातली भाची याच्यापेक्षा वर्षाने लहान, पण फोनवर अख्खा दिवस क्रमाने सांगते. तुलना करू नये वगैरे ठाऊक आहे, पण दिसतं ते दिसतं.

सेन्को म्हणतात, ईपीचे, म्हणजे एज्युकेशनल सायकॉलॉजिस्टचे (मुलाला शिकताना कुठे अडतं ते पाहणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे), तास शाळेला मोजकेच मिळतात आणि आधीची मुलं रांगेत आहेत. माझे प्रश्न: ईपी शाळेनेच मागवावा लागतो की आईवडील थेट मागू शकतात? नवरा म्हणतो पैसे भरून खाजगी तपासणी करून मोकळे होऊ, तो अहवाल शाळा मानते का? आणि आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, असली मदत मागितल्याने पुढे पीआरला काही आडवं येईल का?

(सासूबाईंपुढे 'सायकॉलॉजिस्ट' हा शब्द अजून काढलेला नाही. तो वेगळा धागा होईल.)

कोकणनाना

माझा पुतण्या पाच वर्षांचा होईपर्यंत धड बोलत नव्हता, आज बँकेत मॅनेजर आहे. उगाच शिक्के मारून घेऊ नका. वर्षभर घरी इंग्रजी बोला, फरक पडेल.

खडूफळा

नाना, हेतू चांगला आहे, पण हा सल्ला नको. मी इथल्या प्राथमिक शाळेत सेन्कोच्या हाताखाली काम करते. स्पीच थेरपिस्ट घरची भाषा सोडायला सांगत नाहीत. आईला जी भाषा सहज येते तीच मुलाला भरभरून मिळते. ती काढून घेऊन मोडकंतोडकं इंग्रजी दिलं तर मूल दोन्हीकडून जातं.

आता रानजाई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. दोन वेगळ्या वाटा आहेत आणि पालक त्या एकत्र करतात, म्हणून आधी त्या सुट्या करू.

पहिली वाट शाळेची. ईपी बहुतेक कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, टीममध्ये असतात. कायद्याने कौन्सिलला जे काम करावंच लागतं ते सोडून बाकीचा वेळ बऱ्याच कौन्सिल शाळांना विकतात. शाळा वर्षाचे तास विकत घेते, टर्मच्या सुरुवातीला ईपी आणि सेन्को बसून यंदा कोणत्या मुलांना ते द्यायचे हे ठरवतात. म्हणजे 'तास मोजके आहेत' हे खरंच आहे. ती टाळाटाळच असेल असं नाही. रांग मात्र नुसती तारखेवर नसते. ज्याचे कागद तयार त्याचं नाव वर सरकतं.

कागद म्हणजे काय? विनंतीच्या फॉर्मवर तुमची संमतीची सही लागते. मुलाची अडचण काय, शाळेने आजवर काय केलं, किती काळ केलं, त्याने काय फरक पडला हे लिहावं लागतं. इथे बहुतेक अर्ज अडकतात. २०१५ च्या सेंड कोडमध्ये (विशेष गरजांच्या मुलांसाठीच्या सरकारी नियमावलीत) शाळेने काय करायचं ते सांगितलं आहे: पाहा, ठरवा, करा, तपासा, आणि परत तेच, जास्त बारकाईने. 'छोट्या गटात वाचन घेतलं' एवढंच लिहिलं तर ईपी विचारणारच, कोणी घेतलं, आठवड्यातून किती वेळा, आणि आधी-नंतर मोजलं का?

म्हणून सेन्कोला आधी हे विचारा: माझा मुलगा सेन सपोर्टच्या (शाळेकडून विशेष मदत मिळणाऱ्या मुलांच्या) यादीत आहे का? असेल तर त्याचा प्लॅन दाखवा. विशेष मदत सुरू केली की पालकांना कळवणं शाळेवर बंधनकारक आहे आणि वर्षातून निदान तीनदा भेटायचं हेही कोडमध्ये आहे. यादीत नसेल तर सध्या ईपीचा हट्ट सोडा, आधी त्याला यादीत आणा.

आणखी एक. फॉर्मवर 'ईपीकडून काय हवं आहे' अशी चौकट असते. तिथे 'त्याला काय झालंय ते सांगा' लिहिलेले अर्ज मी ढिगाने पाहिलेत. त्यातून मिळतो तो गुळमुळीत अहवाल. तुमच्या मुलाचा प्रश्न तुम्हीच वर लिहिलाय: तोंडी सूचना एकापेक्षा जास्त झाल्या की गाडी कुठे घसरते? ऐकू येण्यात, समजण्यात, लक्षात ठेवण्यात की शब्द शोधण्यात? आणि वर्गात त्यासाठी काय बदलावं? याला ईपी उत्तर देऊ शकतो. कदाचित पहिल्या भेटीत तो मुलाला भेटणारही नाही, बाई, सेन्को आणि तुम्ही असे बसून बोलाल. त्याला कन्सल्टेशन म्हणतात. टेस्ट झाली नाही म्हणून हिरमुसू नका, कामाचं बरंचसं तिथेच होतं.

ईएएलबद्दल: केवळ इंग्रजी कच्ची असणं ही विशेष गरज नाही, हे कोड म्हणतं, बरोबर. पण पिछाडी इंग्रजीमुळे आहे की मुळात दुसरी काही अडचण आहे हे शाळेने सगळ्या बाजूंनी काळजीपूर्वक पाहावं, असंही त्याच परिच्छेदात आहे. शाळा अर्धाच वाचते. किसणीचं उदाहरण तुमचा पुरावा आहे. मराठीतलं लिहून द्या, खाली इंग्रजी अर्थ द्या.

ओसरी

खडूफळांना अनुमोदन. मी दुसऱ्या वाटेबद्दल लिहितो, आम्ही त्यातून गेलोय.

आईवडील कौन्सिलच्या ईपीला थेट बोलावू शकत नाहीत, पण चिल्ड्रेन अँड फॅमिलीज अ‍ॅक्ट २०१४, कलम ३६ खाली कौन्सिलकडे 'ईएचसी नीड्स असेसमेंट' (शिक्षण, आरोग्य आणि देखभालीच्या गरजांची तपासणी) थेट मागू शकतात. शाळेची परवानगी लागत नाही. अर्ज मिळाल्यापासून ६ आठवड्यांत करणार की नाही हे कौन्सिलने कळवायचं. हो म्हटलं आणि ईएचसी प्लॅन (कोणती मदत द्यायची ते बांधून देणारा कौन्सिलचा कागद) द्यायचं ठरलं तर पहिल्या अर्जापासून २० आठवड्यांत तो हातात यायला हवा. या असेसमेंटमध्ये ईपीचा सल्ला घेणं कौन्सिलला सक्तीचं आहे, शाळेचे तास संपले असले तरी. म्हणूनच बरेच पालक ही वाट धरतात, आणि ईपी कमी असल्याने मुदती सर्रास टळतात.

कायद्याची कसोटी 'असू शकते' अशी आहे: विशेष गरज असू शकते आणि त्यासाठी प्लॅन लागू शकतो. कौन्सिलच्या वेबसाइटवर 'अमुक वर्ष मागे असेल तरच' असलं काही दिसलं तर घाबरू नका, ते कायद्यात नाही. नकार आला तर ट्रिब्युनलकडे अपील असतं. पत्राच्या तारखेपासून २ महिने किंवा मीडिएशन (मध्यस्थी) सर्टिफिकेटपासून १ महिना, जे नंतरचं ते. इप्सिया या संस्थेच्या साइटवर अर्जाचं तयार पत्र फुकट मिळतं आणि प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत सेंडियास नावाची मोफत सल्लासेवा असते. तिथल्या बाई शाळेतल्या मीटिंगलाही सोबत येतात.

पण प्रामाणिक मत विचाराल तर तुम्ही लगेच ही वाट घेऊ नका. कौन्सिल पहिला प्रश्न विचारणार, शाळेने स्वतःच्या पैशांतून काय केलं? एका मुलावर साधारण ६,००० पौंडांपर्यंतची मदत शाळेने आपल्या बजेटमधून करावी असं गृहीत धरलेलं आहे. शाळेचे कागद कोरे असतील तर नकारच येतो, मग अपिलात वर्ष जातं. आधी शाळेच्या वाटेवर दोन-तीन टर्म कागद जमू द्या.

खाजगीबद्दल: करायचंच तर त्या व्यक्तीचं नाव एचसीपीसीच्या (अशा व्यावसायिकांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदणीत आहे का ते पाहा. साइटवर मिनिटाभरात दिसतं. 'एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट' ही पदवी नोंदणीशिवाय लावता येत नाही. अहवाल शाळेने वाचायला हवा, त्यातलं सगळं करायलाच हवं असं मात्र नाही. आणि पैसे भरण्याआधी एवढं विचारा: दोन भाषांच्या मुलाचे गुण तुम्ही कसे लावता? शब्दांवरच्या चाचण्यांची सरासरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून काढलेली असते. तुमच्या मुलाने किसणीला 'ग्रेटर' म्हटलं नाही तर तो शब्द घरी कधी कानावर पडलेलाच नसेल. हे न विचारणारा सायकॉलॉजिस्ट मला तरी नको.

टेबलफॅन

व्हिसाचं मी सांगतो, याच भीतीने आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने पोराचं नाव कुठेच दिलं नव्हतं. सरकारी शाळा, सेन सपोर्ट, ईपी, ईएचसी प्लॅन यातलं काहीही इमिग्रेशनच्या नियमांतल्या 'पब्लिक फंड्स'च्या (व्हिसावाल्यांना सहसा न घेता येणाऱ्या सरकारी भत्त्यांच्या) यादीत नाही. बिनधास्त मागा. यादीत आहे ते डीएलए, म्हणजे डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, आणि केअरर्स अलाउन्स. शाळेतलं कुणी प्रेमाने 'डीएलएचा फॉर्म भरा' म्हणेल, त्यांना तुमचा व्हिसा ठाऊक नसतो. 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' असा शेरा असेल तर त्या वाटेला वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका.

ठाण्याची_मावशी

वाचून हेवा वाटला थोडा. आमच्याकडे शाळा 'मुलाला एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) आहे का बघा' म्हणून चिठ्ठी देते आणि पुढची पळापळ आईची. सायनसारख्या सरकारी रुग्णालयातून सर्टिफिकेट आणलं की दहावी बोर्डाला जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एलडी आलंय. पण सर्टिफिकेट म्हणजे परीक्षेचं औषध, वर्गात बाईंनी काय करायचं ते कोणी सांगत नाही. तुमच्याकडे निदान तो प्रश्न विचारतात.

हेदर_आणि_हुरडा

अवांतर: स्कॉटलंडमध्ये असाल तर वरचं सगळं विसरा. इथे ईएचसी प्लॅन नाही, २००४ चा वेगळा कायदा आहे. वाचणाऱ्यांत कोणी ग्लासगो-एडिनबराचे असतील म्हणून लिहिलं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सेन्कोशी भेट झाली. 'यादीत आहे का' विचारल्यावर थोडी शांतता, मग 'मॉनिटरिंग'मध्ये आहे असं उत्तर. यादीत नव्हताच. आता घेतलाय, प्लॅनची प्रत ईमेलने आली. त्यात बाईंनी एका वेळी एकच सूचना द्यायची आणि टेबलावर चित्रांची पट्टी ठेवायची असं लिहिलंय.

ईपीच्या आधी जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) कानांची तपासणी आणि स्पीच थेरपीचा रेफरल करा, असं त्या म्हणाल्या. दोन्हीचं उत्तर आलं की पुढच्या टर्मच्या मीटिंगमध्ये ईपी कन्सल्टेशनसाठी नाव ठेवतील. ही पुन्हा टाळाटाळ आहे का? आणि संमतीच्या फॉर्मवर 'पालकांचं म्हणणं' या चौकटीत किती लिहू? मी दीड पान लिहिलंय. शाळेच्या नोंदीत मुलाची पहिली भाषा 'हिंदी' लावलीय तेही दिसलं!

खडूफळा

ही टाळाटाळ नाही, क्रम बरोबर आहे. कानात पाणी साठून महिनोन् महिने अर्धवट ऐकू येणारी मुलं मी पाहिली आहेत, ती अगदी अशीच कार्पेटवर आधी पोचतात. आणि शब्द न सापडणं, क्रम उलटा होणं हे मुळात स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्टचं क्षेत्र. त्यांचा कागद असला तर ईपी त्याच्या पुढचं काम करतो, तेच परत करत बसत नाही. फक्त 'पुढची टर्म' हे ईमेलवर लिहून घ्या. "आज आपलं असं ठरलं" एवढी दोन ओळींची मेल तुम्हीच पाठवा.

हिंदी बदलून मराठी करून घ्या, आजच. थेरपिस्टने दुभाषा मागवला तर हिंदीचा येईल आणि मुलगा गप्प बसेल. मग अहवालात 'घरच्या भाषेतही प्रतिसाद नाही' असं जाईल.

दीड पान चालेल, पण पहिल्या पाच ओळी कामाच्या असू द्या, पुढचं घाईत कोणी वाचत नाही. पहिलं शब्द-वाक्य कधी आलं, मराठीतली दोन-तीन उदाहरणं, घरी सूचना दिल्यावर काय होतं, आणि काय चांगलं जमतं. हे शेवटचं पालक विसरतात. लेगो, चित्रं, गणित, काही असेल ना?

रानजाई

नकाशे! बसचे सगळे मार्ग पाठ आहेत. नंबर सांगितला की थांबे बोटाने क्रमाने दाखवतो. नावं घेत नाही, पण एकही चुकत नाही.

खडूफळा

मग हीच पहिली ओळ करा. डोळ्यांनी पाहिलेला क्रम पक्का आणि कानांनी ऐकलेला सुटतो, ईपीला नेमकं हेच हवं असतं. आणि सहीखाली तारीख घाला, आमच्याकडे जुनी संमती चालत नाही, फॉर्म परत येतो.