ओल्ड गोव्याचे से कॅथेड्रल: खरे साल कोणते आणि मनोरा एकच का?

प्रश्न – पायवाट
डिसेंबरात ओल्ड गोव्याला जातोय, म्हणून से कॅथेड्रलबद्दल वाचायला घेतले. बांधकामाचे साल कुठे १५६२, कुठे १६१९, कुठे १६४०, तर कुठे १६५२ दिले आहे. यातले खरे कोणते? मनोरा एकच का? शैली 'मॅन्युएलाइन' म्हणतात, ते बरोबर आहे का?

उत्तर – जांभाचिरा
चारही साले खरी आहेत, फक्त वेगवेगळ्या टप्प्यांची. १५६२ला राजा सेबास्तियांवच्या काळात काम सुरू झाले, १६१९ला मूळ इमारत उभी राहिली, १६४०ला विधिपूर्वक अर्पण झाले आणि आतल्या वेद्या (पूजेची सजवलेली स्थाने, म्हणजे ऑल्टर) पुऱ्या व्हायला १६५२ उजाडले. खर्च पोर्तुगीज राजाच्या तिजोरीतून झाला.

मनोरे दोन होते. त्यातला उत्तरेचा १७७६ला कोसळला. वीज पडून, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. तो परत का बांधला नाही, हे समजायला शहराची तेव्हाची अवस्था पाहा. साथीच्या रोगांनी वस्ती केव्हाच पांगली होती आणि १७५९ला व्हाइसरॉयनेही (पोर्तुगीज राज्यपालाने) मुक्काम पणजीला हलवला होता. ओस पडत चाललेल्या गावात एवढा खर्च कोण करणार?

समोर उभे राहिलात की डाव्या हाताला दिसतो तो उरलेला दक्षिण मनोरा. 'सोन्याची घंटा' त्यातच आहे. नाव नादावरून पडले, धातूवरून नव्हे. गाइड काहीही सांगतात.

उत्तर – कमानदार
शैलीबद्दल: मॅन्युएलाइन म्हणणे चूक. दोरखंडासारखे पीळ आणि आरमारी चिन्हे कोरायची ती पद्धत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची. से त्यानंतरचे आहे. मॅन्युएलाइन पाहायचेच असेल तर शेजारच्या असिसीच्या सेंट फ्रान्सिस चर्चचा काळ्या दगडाचा दरवाजा पाहा. १६६१ला ते चर्च नव्याने बांधले, पण जुन्या चर्चचा दरवाजा तसाच ठेवला. से बाहेरून साध्या खांबांच्या टस्कन धाटणीचे आणि आत पानांच्या नक्षीच्या खांबांचे, म्हणजे कॉरिंथियन आहे.

लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी ५५, दर्शनी भिंत ३५ मीटर उंच. मधल्या दालनाला अर्धगोल लांबट छत आहे. हे दालन आडव्या दालनाला छेदते तिथे मात्र छत दगडी फासळ्यांचे. दोन्ही बाजूंना चार-चार चॅपेल (छोटी प्रार्थनास्थळे). त्यातले 'चमत्काराच्या क्रुसाचे' चॅपेल चुकवू नका. त्या क्रुसावर १६१९ला ख्रिस्ताचे दर्शन झाले अशी श्रद्धा आहे. बाप्तिस्म्याचे दगडी पात्र १५३२चे, म्हणजे इमारतीहूनही जुने.

पायवाट
आभारी आहे. से पांढरे आणि समोरचे बॉम जीझस चर्च लाल, ते का?

जांभाचिरा
दगड दोन्हीकडे जांभाच, फरक गिलाव्याचा. जांभा सच्छिद्र असतो. उघडा राहिला तर पावसाचे पाणी पितो आणि वाळताना क्षार पृष्ठभागावर येऊन दगडाचा पापुद्रा सुटतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि पावसाळा ओसरल्यावर चुन्याचा हात, ही गोव्यातली जुनी रीत. बॉम जीझसचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला आणि तेव्हापासून भिंती झिजत आहेत. लाल रंग फोटोत छान येतो खरा, पण मूळ चर्च तसे नव्हते.

गिलावा परत करायचा झाला तरी सिमेंट चालत नाही. ते ओल आत कोंडते, मग फुगून पडताना दगडाचा थरही सोबत नेते.

जांभ्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून बॉम जीझसच्या दर्शनी भागाला वसईहून आणलेला बसाल्ट वापरला. जवळ जाऊन पाहिलेत की दोन्ही दगड वेगळे ओळखू येतात.

कमानदार
जाण्याआधी दोन गोष्टी. सेचे दार पूर्वेला आहे, त्यामुळे दर्शनी भागाचा फोटो सकाळीच काढा. दुपारनंतर तो सावलीत जातो. आणि सेंट फ्रान्सिस चर्चच्या पश्चिमेला सेंट कॅथरीनचे छोटे चॅपेल आहे. से कॅथेड्रलही त्याच संतिणीच्या नावाचे, कारण पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१०ला शहर घेतले तो तिचा सणाचा दिवस. नकाशात 'सेंट कॅथरीन' टाकलेत तर भलतीकडेच पोहोचाल, तेव्हा 'से' असे टाकून शोधा.