बिनचुन्याचा दगडी धुरा टिकेल का?

प्रश्न: इटलीतल्या आल्बेरोबेल्लोची चुना-सिमेंटाविना रचलेली दगडी घरं १९९६ पासून जागतिक वारसा आहेत. तसा धुरा, म्हणजे शेताच्या हद्दीची भिंत, आपल्या काळ्या रानात रचला तर?

उत्तर १: टिकते भाऊ. पण तिथं चुनखडीचे चपटे दगड निघतात, खडकही वरच लागतो. आपली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मुरूम लागेस्तोवर खोदा. मीटरभर उंचीला तळ ७० सेंमी रुंद, माथा ४०.

उत्तर २: भिंतीच्या पोटात माती अजिबात नको, दगडाच्या चिपाच भरा. माती पाणी धरते, मग भिंतीचं पोट सुटतं. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. अर्ध्या उंचीवर, दर मीटरला एक आरपार लांब दगड हवाच. गवंडी नेमका तोच टाळतात.

प्रश्न: नाल्याच्या काठानं?

उत्तर १: तिथं नकोच. वाहतं पाणी पाया उकरते.