काळ्या मातीचा प्लॉट : पाया, सेप्टिक टाकी आणि बाग

प्रश्न (प्लॉटधारक, इंदूर बायपास)

बायपासच्या पलीकडे 30 बाय 50 फुटांचा प्लॉट घेतला असून दिवाळीनंतर एकमजली घर बांधण्याचा विचार आहे. जेसीबीने खड्डा काढून पाहिला तेव्हा सुमारे 7 फुटांपर्यंत निव्वळ काळी माती आणि त्याखाली पिवळसर मुरूम लागला. ठेकेदारांच्या मते एकमजली घराला 5 फुटांवरचे फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, पुरते. परंतु शेजारच्या चार वर्षांच्या घरात खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा गेलेल्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांची दारे चौकटीत अडकतात. वसाहतीत ड्रेनेज लाइन अद्याप आलेली नाही, म्हणून सेप्टिक टाकी व शोषखड्डा मागच्या भिंतीलगत घ्यावा आणि पुढच्या भिंतीच्या कडेने फुलझाडांचा वाफा करावा, असे योजले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (निवृत्त स्थापत्य अभियंता, सुदामा नगर)

एकमजली घराला कमी खोली पुरते हा हिशेब मुरुमात खरा ठरतो, माळव्याच्या काळ्या मातीत नव्हे. ही माती बेसाल्ट झिजून झालेली आहे आणि तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात ते पाणी गेले की आकसते. फुगताना ती वर जो दाब देते, त्याला इमारतीचे वजन थोपवते. त्यामुळे हलके घर, त्याहूनही हलकी कंपाउंडची भिंत, आधी तडकते. शिवाय घराखालची माती कोरडीच राहते आणि कडेची भिजते, म्हणून सगळे घर सारखे उचलले न जाता कोपरे हलतात. शेजाऱ्यांच्या तिरप्या भेगांचे हेच कारण असावे.

आपल्याला मुरूम 7 फुटांवर लागला, हे भाग्यच समजावे. कॉलम काळी माती ओलांडून मुरुमात किमान एक-दीड फूट रुतवावेत. काळी माती याहून बरीच खोल असती, तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले खांब, घेणे सोयीचे झाले असते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली. प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवर कॉलम जोडणारी आडवी तुळई, मातीवर टेकवू नये, त्याखाली सुमारे 80 मिलिमीटरची पोकळी ठेवावी. खड्ड्यातून निघालेली काळी माती जोत्यात भरण्याचा मोह ठेकेदारांना हमखास होतो, कारण मुरुमाच्या डंपरचे पैसे वाचतात. तो मोडून काढावा, अन्यथा दोन पावसाळ्यांत फरशा उचलल्या जातील.

भिंतीलगतचा वाफा आणि भिंतीलगतचा शोषखड्डा, दोन्ही रद्द करावेत. ज्या पाण्यापासून पाया वाचवायचा, तेच पाणी आपण रोज स्वतःच्या हाताने त्याच्या कडेला सोडणार आहात. त्याऐवजी घराभोवती तीन-चार फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूस उतार असलेली पक्की फरसबंदी करावी.

उत्तर 2 (प्लंबिंग ठेकेदार, राऊ)

शोषखड्ड्याविषयी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. मे महिन्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतले की ते बघता बघता नाहीसे होते आणि मालक निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ते मातीत झिरपत नाही, भेगांतून निसटते. जुलैत माती फुगून त्या भेगा मिटल्या की तोच खड्डा तुडुंब भरतो आणि संडास उलटा येऊ लागतो. म्हणून चाचणी घेण्याआधी खड्डा रात्रभर भरलेला ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी किती वेळात किती उतरते, ते मोजावे.

दुसरे म्हणजे, भारतीय मानक 2470 प्रमाणे शोषखड्डा राहत्या घरापासून 6 मीटर आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 18 मीटर दूर हवा. आपला प्लॉट 9 मीटर रुंद व 15 मीटर लांब. स्वतःचे घर, दोन्हीकडचे शेजारी आणि सर्वांचे बोअरिंग धरले तर ही अंतरे मिळणे जवळपास अशक्य आहे. खड्डा मुरुमापर्यंत नेला की पाणी जाईल हे खरे, पण खाली फुटलेला खडक असेल तर ते गाळले न जाता थेट कोणाच्या तरी बोअरिंगमध्ये उतरेल. ड्रेनेज येईपर्यंत चहूबाजूंनी बंद, पक्क्या प्लास्टरची टाकी बांधून ती वेळोवेळी टँकरने उपसून घ्यावी. खर्चिक आहे, परंतु माझ्या मते दुसरा मार्ग नाही.

उत्तर 3 (बागप्रेमी, लोकमान्य नगर)

बागेसाठी ही माती वाईट नाही. ती ओल धरून ठेवते आणि पोषक द्रव्येही राखते. अडचण पावसाळ्यात मुळे गुदमरण्याची आहे, म्हणून फाटकाजवळ फूटभर उंच वाफे करावेत. वाळू मिसळण्याच्या भानगडीत पडू नये, कारण थोड्या वाळूने चिकणमातीत काहीच फरक पडत नाही. मातीत चुना जास्त असल्याने लिंबाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसतील. ती लोहाची उणीव असते, पाण्याची नव्हे, त्यामुळे आणखी पाणी घालू नये.

उणीव सेंद्रिय पदार्थाची आहे, आणि तिचा उपाय आपल्याच शहराच्या नावाने जगभर ओळखला जातो. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदुरात काम करताना पालापाचोळा, शेण आणि माती थरांनी रचून खत करण्याची जी रीत बसवली, तीच इंदूर पद्धत. पावसाळ्यात मात्र खड्डा न करता जमिनीवर ढीग रचावा. आणि पिंपळ किंवा कडुनिंब घराजवळ मुळीच नको. त्यांची मुळे उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाफा फाटकाकडे हलवला आहे आणि कॉलम साडेआठ फुटांवर नेण्यास ठेकेदार कुरकुरत का होईना, तयार झाले आहेत. बंद टाकीसाठी गाडी मागे पोहोचणार नाही, म्हणून ती पुढे, रस्त्याच्या बाजूला घ्यावी का? तसे केल्यास ती पुढच्या कॉलमपासून किती अंतरावर ठेवावी?

उत्तर 1 (निवृत्त स्थापत्य अभियंता, सुदामा नगर)

पुढेच घ्यावी, नंतर ड्रेनेज आल्यावर जोडणीही सोपी जाईल. टाकीचा तळ फूटिंगच्या तळाहून खोल जाऊ देऊ नये, आणि कॉलमचे काँक्रीट होण्याआधीच तो खड्डा खणून घ्यावा.