मीना गायची थांबली नव्हती

इटालियन गायिका मीनाने १९७८ साली गाणं सोडलं, असं म्हटलं जातं, तेवढं दुरुस्त करतो. सोडले ते जाहीर कार्यक्रम. ऑगस्ट १९७८ मध्ये इटलीतल्या बुसोलादोमानी या कार्यक्रमस्थळी शेवटचा झाला. पुढे स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत राहून अल्बम चालूच. स्वतःची पीडीयू ही रेकॉर्ड कंपनी १९६७ पासून हाताशी होती, हे विसरू नका.

आवाजाची ताकद ऐकायची तर तिचं १९६६ चं 'से तेलेफोनांदो' हे गाणं लावा. संगीतकार मोरिकोनेने तीनच सुरांचा तुकडा चारच्या ठेक्यावर बसवलाय, त्यामुळे आघात दर फेरीत वेगळ्या सुरावर पडतो. त्यात पट्टी वर चढत जाते. इतर गायिका सुरुवातीलाच जोर लावतात आणि शेवटी ओरडतात. मीना पहिलं कडवं जवळजवळ बोलल्यासारखं म्हणते. सगळी मेख तिथेच!