घरच्या टीव्हीवर जुने चित्रपट: काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात की चित्र पडदाभर करावे?

प्रश्न:
आमच्याकडे नुकताच ५५ इंची टीव्ही आला आहे. 'संत तुकाराम' (१९३६) लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात आणि 'कागज के फूल' (१९५९) लावला की त्याच पट्ट्या वर-खालीही येतात. एवढे पैसे मोजून पडदा रिकामा का ठेवायचा, असे म्हणत बाबा रिमोटवरून चित्र ताणून घेतात. मग तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा गालगुंड झाल्यासारखा दिसतो. योग्य सेटिंग कोणते?

प्रतिसाद १:
ताणणे तर नकोच, पण 'झूम'ही नको. आपल्या टीव्हीचा पडदा साधारण १२२ सेंमी रुंद आणि ६८ सेंमी उंच असणार. 'संत तुकाराम' काढणाऱ्या प्रभात कंपनीच्या काळातील चौकट १.३७ : १ अशी, म्हणजे जवळजवळ चौकोनी असल्यामुळे पूर्ण उंचीचे चित्र ९४ सेंमी रुंदीतच संपते आणि दोन्हीकडे १४-१४ सेंमी जागा उरते. ती भरण्यासाठी झूम केल्यास वर-खालचा मिळून जवळजवळ चौथा हिस्सा कापला जातो. कपाळे आणि पावले आधी जातात.

'कागज के फूल' हा भारतातील पहिला सिनेमास्कोप, म्हणजे अतिरुंद चौकटीचा चित्रपट. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी स्टुडिओतील अंधारात सोडलेला प्रकाशझोत आणि त्याच्या दोन टोकांना उभी असलेली दोन माणसे पाहायची, तर ती रुंदी हवीच. पूर्वी असे चित्रपट चौकोनी टीव्हीसाठी कापताना ४० टक्क्यांहून अधिक चित्र गळत असे आणि संवाद ऐकू येई, पण बोलणारा चौकटीबाहेर राही. त्यापेक्षा पट्ट्या बऱ्या.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे, मात्र एक अपवाद नोंदवतो. काही जुन्या डीव्हीडींमध्ये रुंद चित्र पट्ट्यांसकट चौकोनी चौकटीत बसवलेले असते, त्यामुळे नव्या टीव्हीवर चारही बाजूंना काळे दिसते. तेथे झूम अवश्य करावे, कारण कापली जाते ती केवळ पट्टी. बाबांसाठी खोलीतील दिवा मंद करावा आणि खुर्ची हातभर पुढे घ्यावी. अंधारात पट्ट्या भिंतीत मिसळून जातात.

प्रश्नकर्ता:
आभार. आमची 'कागज के फूल'ची डीव्हीडी नेमकी चारही बाजूंनी काळी दिसणारी निघाली. तिला झूम दिला आहे, 'तुकाराम'ला मूळ चौकट. बाबांनी खुर्ची पुढे घेतली आहे, रिमोट मात्र अजून त्यांच्याच हातात आहे.