मदत हवी आहे: रेल्वेची आगबोट 'ब्रसेल्स' – फोटो, नकाशे आणि एक कायद्याचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आमच्या रेल्वेवेड्यांच्या गटात पुढच्या महिन्यात 'ब्रसेल्स' या आगबोटीवर बोलायचं आहे. सामग्री जमवतोय, पण जिथे बघावं तिथे तिचा कप्तान चार्ल्स फ्रायट याचीच गोष्ट. ती सांगणारच आहे, पण मला बोटीचंही चरित्र उभं करायचं आहे.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे कोकणची बोट म्हटली की बोटकंपनी वेगळी, रेल्वे वेगळी. इंग्लंडात रेल्वे कंपन्याच बोटी चालवायच्या. ग्रेट ईस्टर्न रेल्वेने हार्विचजवळ पार्कस्टनचा धक्का १८८३ मध्ये सुरू केला. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून गाडी थेट धक्क्यावर, पुढे त्याच कंपनीची बोट, आणि पलीकडे बेल्जियमचं अँटवर्प किंवा हॉलंडचं हूक ऑफ हॉलंड बंदर. 'ब्रसेल्स' याच सेवेसाठी १९०२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत बांधली, साधारण १३८० टनांची.

पहिल्या महायुद्धातही हॉलंडच्या फेऱ्या चालू होत्या. २८ मार्च १९१५ ला यू-३३ या जर्मन पाणबुडीने तिला थांबायला सांगितलं. फ्रायटने बोट सरळ पाणबुडीच्याच अंगावर घातली, तेव्हा तिला घाईघाईने बुडी मारावी लागली. नौदल खात्याने खूश होऊन त्याला सोन्याचं घड्याळ दिलं, वर हा पराक्रम कोरूनही दिला. जून १९१६ मध्ये हूकहून परतताना जर्मन विनाशिकांनी बोट घेरून जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरात नेली. आणि फ्रायटवरच्या खटल्यात घड्याळावरचा तोच मजकूर त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढे आला. २७ जुलैला बेल्जियमच्याच ब्रूझ शहरात खटला, त्याच संध्याकाळी त्याला गोळ्या घातल्या. युद्ध चालू असताना, रोज त्याच समुद्रात जाणाऱ्या माणसाला असला मजकूर कोरून देणाऱ्यांच्या अकलेचं मला अजून नवल वाटतं.

बोटीचं पुढे काय झालं, तर जर्मनांनी तिचं नाव बदलून 'ब्रुगे' केलं, झीब्रुगलाच वापरली आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये माघार घेताना बुडवून टाकली. १९१९ मध्ये ती वर काढली. बेल्जियमने ब्रिटनला परत दिल्यावर १९२० मध्ये विकली गेली आणि 'लेडी ब्रसेल्स' नावाने आयरिश समुद्रात गुरं वाहू लागली. १९२९ मध्ये मोडीत. ज्या बोटीपायी एवढं रामायण झालं, तिच्या नशिबी शेवटी शेणाचा वास!

फ्रायटचं शव १९१९ मध्ये मायदेशी आणलं तेव्हा डोव्हरहून लंडनला ज्या रेल्वेच्या डब्यातून नेलं, त्याच डब्यातून पुढच्या वर्षी 'अनाम सैनिका'चं, म्हणजे युद्धात मेलेल्या सगळ्यांचं प्रतीक म्हणून लंडनमध्ये पुरलेल्या अनोळखी सैनिकाचं शव गेलं. हा डबा आजही जपून ठेवला आहे. आमच्या गटाला बोटीपेक्षा याचंच कौतुक जास्त वाटणार, हे मी आत्ताच सांगतो.

आता मदत. लंडनकर मंडळींपैकी कुणी लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून जात असेल, तर तिथल्या फ्रायटच्या स्मृतिफलकाचा समोरून काढलेला, अक्षरं वाचता येतील असा फोटो हवा आहे. नेटवरचे बहुतेक तिरके आहेत. हार्विचकडे फिरकणारं कुणी असेल तर अप्पर डोव्हरकोर्टच्या चर्चच्या आवारातल्या त्याच्या थडग्याचाही चालेल.

डंडीच्या गोदीतले जुने नकाशे पाहण्यासाठी अर्ज करून कुणी मिळवले आहेत का? मला डेकचा आराखडा हवा आहे. प्रवाशांच्या केबिन कुठे, जेवणघर कुठे, हे दाखवल्याशिवाय बोट डोळ्यांपुढे येत नाही.

आणि वकील मंडळींनो, जर्मनांचं म्हणणं असं की फ्रायट सैनिक नव्हता, म्हणून हल्ला करण्याचा त्याला हक्कच नव्हता. पण शत्रू पकडायला आला तर व्यापारी जहाजाने प्रतिकार करणं ही समुद्रावरची जुनी मान्य रीत होती ना? मला तरी खटल्याचा निकाल आधीच ठरला होता असं वाटतं. उलट मत असेल तर जरूर मांडा, व्याख्यानात दोन्ही बाजू घेईन.

फोटो व्यक्तिगत निरोपाने (व्यनिने) पाठवले तरी चालतील. तुमचं नाव पडद्यावर टाकेन, नको असेल तर तसं कळवा.