'मी कोण' या प्रश्नाशी झुंज: तुमचे अनुभव (कोल्हापूर आणि परिसर)

नवीन माणूस भेटला की आपल्याकडं प्रश्न ठरलेले: गाव कुठलं, आडनाव काय, पोरंबाळं किती? विचारणाऱ्याच्या मनात आकस नसतो. पण ज्यांची उत्तरं त्या साच्यात बसत नाहीत त्यांना दरवेळी काहीतरी गिळावं लागतं. लिंग, लैंगिकता, जात, वैधव्य, कशावरूनही स्वतःशी नाहीतर घराशी झुंज झाली असेल, तर लिहा. कसं निभावलं, आधार कुणाचा झाला, हे सविस्तर लिहा. नावं नकोत, पेठ किंवा गाव पुरे. आणि एकमेकांना उपदेश नको, ही विनंती.

शिरोली एमआयडीसी
फौंड्रीत आहे. पोरवयात पेठेतल्या तालमीत जायचो. आपल्याला पुरुष आवडतात हे तिथंच उमगलं आणि त्या भीतीनं तालीम सुटली. लग्नाचा विषय निघाल्यावर आईला सांगून टाकलं. ती एका डॉक्टरांकडं घेऊन गेली. 'गोळ्या घ्या, लग्न करा, सगळं नीट होईल' असं ते म्हणाले. त्या गोळ्यांनी डोकं सुन्न. पोअरिंगला उभा राहिलो की पाय लटपटायचे, समोर लोखंडाचा लालभडक रस. 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 चा निकाल आला, समलिंगी संबंध हा गुन्हा नाही म्हणून. कँटीनमध्ये टीव्हीपुढं जे बोलणं चाललं होतं ते लिहवत नाही. संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन: "दादा, बातमी बघितलीस? घरी ये, बोलूया." मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. तिनंच दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या आणि हा आजारच नाही, असं आईला समोर बसवून सांगितलं. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असले 'बदलण्याचे उपचार' म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. ती बातमी बहिणीनं आईला दोनदा वाचून दाखवली. आई अजून फारसं बोलत नाही, पण स्थळं बघणं थांबलंय.

राजारामपुरी
शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, त्या गावात आडनाव कळल्यावर मला 'खोली कालच गेली' असं सांगितलं. मित्र म्हणाले, पहिलं नावच सांगत जा. मी नाही ऐकलं. आता स्वतःच्या दारावर पूर्ण नाव आहे, रस्त्यावरून वाचता येईल एवढं मोठं.

शिरोळ तालुका
मालक कोरोनात गेले. ज्या बायकांच्यात मी पंधरा वर्षं उठले-बसले, त्यांनीच बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली. मला दुःख तर करू द्यायचं! त्या दिवसापासून मी कुणाची आई नाही, कुणाची मैत्रीण नाही, फक्त विधवा. 4 मे 2022 ला आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही. पण माझ्या हातात बोलायला काहीतरी आलं. सासूबाईंना म्हटलं, "आता गावंच्या गावं ठराव करायला लागली." त्या गप्प राहिल्या. मी तेवढ्यावरच बाजारात गेले. कासार जुना ओळखीचा. माझा हात हातात घेऊन तो थांबला आणि "कुठल्या रंगाच्या भरू?" एवढंच विचारलं. मी हिरव्या म्हटलं. त्यानं अंगठ्याखालचं हाड दाबत एकेक चढवली, एकही फुटू दिली नाही. घरी आल्यावर सासूबाई बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मापाला बसल्या."

उचगाव
ताई, तुमचं वाचून रडू आलं. मी जन्मानं मुलगा, मनानं पहिल्यापासून मुलगी. घरच्यांनी 'देवीचं आहे' म्हणून सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात नेऊन मोती बांधले, म्हणजे देवीला वाहिलं. तिथं माझ्यासारख्याच देवीला वाहिलेल्या जोगत्यांनी मला माया लावली, त्यांच्यामुळं जिवंत राहिले, हे कधी विसरणार नाही. पण मला जोगवा मागायचा नव्हता, शिलाई करायची होती. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये आमची, तृतीयपंथीयांची, ओळख मान्य केली, पुढं आमच्या हक्कांचा 2019 चा कायदा आला. त्याखाली ऑनलाइन अर्ज करून जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र घेतलं, आधारवर नाव बदललं, मग बँकेत खातं, मग हप्त्यावर मशीन. आज ब्लाउजच्या पावतीवर माझं मी ठेवलेलं नाव असतं.

कागल
तुम्हालाच विचारते. माझं अकरावीतलं लेकरू असंच सांगतंय. यांना अजून माहीत नाही. रात्रभर झोप लागत नाही. कुणाशी बोलू?

उचगाव
आधी तुम्ही स्वतः 14416 वर बोला. टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. लेकराला एकटं वाटू देऊ नका, जेवायला शेजारी घेऊन बसा.

कागल
फोन केला. बाई नीट बोलल्या. कॉलेजात सांगू का?

उचगाव
इतक्यात नको. आणि यांनाही परस्पर सांगू नका. कुणाला, कधी सांगायचं ते लेकराला विचारा.